विल्मा रुडॉल्फ : शर्यत आणि मिरवणूक

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. क्रीडांगण हा आमचा प्रांत नव्हे. तरीही विल्मा रुडॉल्फ हिची कथा श्रोत्यांपुढे मांडावीशी वाटते, कारण तिच्या वेगाच्या हकिगतीत हक्काची हकिगतही गुंतलेली आहे.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल गावाजवळ, १९४० साली तिचा जन्म झाला. बाप रेल्वेत हमाल, आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण, आणि २२ भावंडांत ही विसावी. लहानपणीच पोलिओने डावा पाय लुळा पडला. कृष्णवर्णीयांवर उपचार करणारे इस्पितळ सुमारे ५० मैलांवर, नॅशव्हिलला. आई तिला बसने तेथे नेई. घरी भावंडे आळीपाळीने पाय चोळीत. एका पायामागे सारे घर राबले, तेव्हा तो पाय चालता झाला.

पुढे एड टेंपल ह्या गुरूने तिला टेनेसी स्टेट विद्यापीठात घडविले. १९५६ साली मेलबर्नला, सोळाव्या वर्षी, रिले शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले. १९६० साली रोमला तिने १०० मीटर ११.० सेकंदांत आणि २०० मीटर २४.० सेकंदांत जिंकली. रिलेत अखेरच्या टप्प्यावर काठी हातात येताना चुकामूक झाली. तरी ती सर्वांना मागे टाकून गेली. तिच्या संघातील चारही मुली टेंपल ह्यांच्याच शिष्या होत्या. एकाच ऑलिंपिकात धावण्याची तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली.

गावाने सत्काराची तयारी केली, पण रिवाजाप्रमाणे काळे-गोरे वेगवेगळे बसावयाचे होते. विल्माने सांगितले, असा सत्कार आपण घेणार नाही. अखेर १९६० च्या ऑक्टोबरात मिरवणूक आणि मेजवानी दोन्ही एकत्र झाली. क्लार्क्सव्हिलमध्ये असे प्रथमच घडले.

परंतु मिरवणूक संपली आणि उपाहारगृहांची दारे पूर्ववत बंदच राहिली. विल्मा १९६२ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, शर्यतींतून निवृत्त झाली. १९६३ च्या मे महिन्यात ती गावच्या एका उपाहारगृहासमोरील निदर्शनांत सामील झाली. त्यानंतर लवकरच नगराध्यक्षांनी सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्याचे जाहीर केले.

१९९४ साली ती वारली. तिच्या पदकांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. पण पदक विजेत्याचे एकट्याचे असते. दार उघडले, ते त्या पदकांकडे नुसते पाहत राहिल्याने नव्हे, रस्त्यावर एकत्र उभे राहिल्याने. मानाचा हार गळ्यात पडला असतानाही ती त्या रांगेत उभी राहिली, म्हणून तिचे स्मरण आम्हांस मोलाचे वाटते.