दिनविशेष : १ जुलै – पाव आण्याचे कार्ड

भारतातले पहिले पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी विक्रीला आले. किंमत पाव आणा. खुशाली कळवण्यासाठी निघालेल्या या कार्डावर पुढे चित्रेही उमटली. चित्रकार नंदलाल बोस शिष्यांना, स्नेह्यांना कार्डांवर रेखाटने काढून पाठवत. अमेरिकेत चित्रकार रे जॉन्सन यांनी टपालकलेचे, म्हणजे टपालाने धाडायच्या चित्रांचे, मोठे जाळे विणले. आलेल्या चित्रात आपली भर घालायची आणि परत किंवा पुढे धाडायचे, अशी त्यांची रीत. १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या पत्रांचे प्रदर्शन भरले. टपालकलेच्या प्रदर्शनांत सहसा परीक्षक नसतो, प्रवेशशुल्क नसते. आलेले प्रत्येक काम भिंतीवर लागते. चित्रावर आडवातिडवा बसलेला टपालाचा काळा शिक्काही चित्राचाच भाग मानतात, आणि ते अगदी रास्त आहे. पोस्टमनच्या पिशवीतून प्रवास केल्याशिवाय हे चित्र पुरे होतच नाही.

त्या प्रवासाला आपल्याकडे एका मराठी माणसाचाही हातभार आहे. संस्कृत कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली.

भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावाचा पिनकोड ४०११०१. मुर्धा, राई, मोर्वा परिसरातल्या मुलांनीही कार्डावर खाडी, मिठागरे, होड्या रंगवून ते गावाबाहेरच्या मित्राला पाठवावे. पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळते. जलरंग पावसात पसरतात, म्हणून तेलखडू वापरा. पत्त्यासाठी उजवी बाजू मात्र मोकळी ठेवा.