गुडघ्यावरचा माणूस

अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात लिंकन पार्क नावाची बाग आहे. तिथं ब्राँझचा एक पुतळा आहे. अब्राहम लिंकन उभा. एका हाताखाली मुक्तीचा जाहीरनामा, दुसरा हात पुढं पसरलेला. त्या हाताखाली एक काळा माणूस. कमरेला तेवढं फडकं, बाकी उघडा. एक गुडघा टेकलेला. मनगटातली बेडी तुटलेली. खाली चौथऱ्यावर एकच शब्द कोरलाय, मुक्ती.

या पुतळ्याचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा लिंकनकडं माझं लक्षच गेलं नाही. मी खालच्या माणसाकडं बघत राहिलो. बेडी तुटली, मग हा अजून उठत का नाही?

मित्रांनो, प्रश्न साधा आहे. पण त्याच्या मागं लागलं की दोनशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो.

हा गुडघा लिंकनच्या आधीचा आहे. १७८७ साली इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड या चिनीमातीच्या कारखानदारानं एक छोटं पदक काढलं. त्यावर साखळदंडातला काळा माणूस, गुडघ्यावर, हात जोडलेला. तो विचारतोय, मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचं ते चिन्ह झालं. बड्या घरच्या बायका ते केसांत आणि बांगडीत घालून मिरवू लागल्या. चळवळ खरी होती, तिनं कामही केलं. पण गोऱ्यांच्या डोळ्यांत काळ्या माणसाचं एकच चित्र पक्कं बसलं. मागणारा. पुढं १८३३ साली ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी बंद करायचा कायदा केला. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले. कुणाला? मालकांना. ज्यांच्या पाठी फुटल्या त्यांना छदामही नाही. चित्रात हात जोडायला गुलाम, आणि हिशेबाच्या वहीत नाव मालकाचं!

आता परत वॉशिंग्टनला येऊ. हा पुतळा कुणाच्या पैशातून झाला? १८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. तेव्हा शार्लट स्कॉट नावाच्या, गुलामीतून सुटलेल्या एका बाईनं पाच डॉलर काढून दिले. म्हणाली, याचं स्मारक करा. तिथून वर्गणी सुरू झाली. काळ्या सैनिकांनी आपल्या पगारातून पैसे घातले. पुतळा झाला तो या कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांच्या पैशातून. संसदेनं फक्त चौथऱ्याचा खर्च केला.

पण पैसे सांभाळायला आणि आराखडा ठरवायला समिती होती गोऱ्यांची. हॅरिएट हॉस्मर या शिल्पकर्तीच्या आराखड्यात काळ्या माणसाचा सगळा प्रवास होता. बाजारात विकला जाणारा, मळ्यात राबणारा, आणि शेवटी बंदूक घेतलेला सैनिक. तो आराखडा महाग पडतो म्हणून बाजूला ठेवला. मग थॉमस बॉल या गोऱ्या शिल्पकाराची जोडमूर्ती पसंत झाली. एक उभा, एक गुडघ्यावर. वर्गणी काळ्यांची, पसंती गोऱ्यांची.

यातही एक मेख आहे. गुडघ्यावरच्या माणसाचा चेहरा खऱ्या माणसाचा आहे. आर्चर अलेक्झांडर त्याचं नाव. मिसूरी राज्यातला गुलाम. यादवी युद्धात, मालकाच्या बाजूचे लोक रेल्वेचा पूल पाडायच्या तयारीत आहेत, ही बातमी त्यानं उत्तरेच्या सैन्याला पोचवली. मग जिवाच्या भीतीनं पळाला आणि सेंट लुईस गाठलं. त्यात लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा मिसूरीला लागूच नव्हता. तो फक्त बंडखोर राज्यांना लागू होता. म्हणजे पुतळ्यात लिंकनच्या हाताखाली जो कागद आहे, त्यानं आर्चर सुटला नाही. तो आपल्या पायांनी सुटला. आणि त्याच पायांना शिल्पकारानं गुडघ्यात मोडून बसवलं!

तो काय एकटा नव्हता. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक त्या युद्धात उत्तरेकडून लढले. त्या जोडमूर्तीत त्यांच्यातला एकही नाही.

१४ एप्रिल १८७६ ला अनावरण झालं. राष्ट्राध्यक्ष ग्रँट हजर होते. मुख्य भाषण फ्रेडरिक डग्लस यांचं. डग्लस स्वतः गुलामीत जन्मलेले, १८३८ साली पळून सुटलेले. त्यांनी लिंकनचं ऋण मानलं. पण तोंडावर सांगितलं, की लिंकन आधी गोऱ्यांचा अध्यक्ष होता. तुम्ही त्याची सख्खी लेकरं, आम्ही फार तर सावत्र. पाचच दिवसांनी त्यांचं एक पत्र वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात त्यांनी म्हटलं, या पुतळ्यात सगळं सत्य नाही. मरण्याआधी मला काळ्या माणसाचा असा पुतळा बघायचाय, जो जनावरासारखा चार पायांवर नाही, माणसासारखा आपल्या पायांवर उभा आहे. या बागेत अजून एका स्मारकाला जागा आहे. हे पत्र विस्मरणात गेलं आणि २०२० साली अभ्यासकांच्या हाती लागलं.

उभा काळा माणूस तोवर कुणी घडवलाच नव्हता असं नाही. एडमोनिया लुईस या काळ्या बापाच्या आणि आदिवासी आईच्या मुलीनं १८६७ साली रोममध्ये संगमरवरात तो घडवला होता. मूठ वर, तुटकी साखळी हातात, नजर आभाळाकडं. पण तिच्याही शिल्पात शेजारची बाई गुडघ्यावरच आहे. पुरुष उठला तरी बाई उठायची राहते, हेही आपण बघायला शिकलं पाहिजे.

डग्लस यांनी सांगितलेली ती जागा भरायला ९८ वर्षं लागली. १९७४ साली काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेनं पैसे उभे करून त्याच बागेत मेरी मॅक्लिऑड बेथून यांचा पुतळा उभारला. आईबाप गुलाम होते, लेकीनं शाळा काढल्या. बाई उभी आहे, समोर दोन मुलं आहेत. आणि लिंकनच्या पुतळ्याला फिरवून तिच्याकडं तोंड करायला लावलं! बॉस्टनमध्ये त्या जोडमूर्तीची १८७९ ची प्रत होती. ती २०२० च्या डिसेंबरात काढली. वॉशिंग्टनची मूळ मूर्ती आहे तिथंच आहे.

आता कुणी म्हणेल, नुसत्या गुडघ्यावर एवढा राग कशाला? तर हैतीकडं बघा. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये अल्बेर मांगोनेस या शिल्पकारानं १९६७ साली घडवलेला अनाम पळपुट्या गुलामाचा पुतळा आहे. त्याचाही एक गुडघा टेकलेला आहे. पण दुसरा पाय मागं ताणलेला, घोट्यात तुटकी बेडी. एका हातात कोयता. दुसऱ्या हातानं शंख तोंडाला लावलेला, मान वर. तो कुणापुढं टेकलेला नाही. तो बाकीच्यांना हाक मारतोय. १७९१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ ला फ्रेंचांना हाकलून स्वतःचा देश उभा केला. त्या उठावाची आठवण म्हणून युनेस्को २३ ऑगस्टचा दिवस पाळते. हा पुतळा उभारणारा दुवालिए मात्र हुकूमशहा होता. पुतळा उभारणारा हात दरवेळी स्वच्छ असतोच असं नाही. पण तो शंख दुवालिएचा नाही, १७९१ चा आहे.

गिरणीत मशीनखाली अडकलेला कापूस ओढायला आम्ही रोज गुडघे टेकतो. त्यात लाज नाही. कुणाचा तरी हात डोक्यावर यावा म्हणून टेकलेला गुडघा वेगळा, आणि उठायचा जोर घ्यायला टेकलेला गुडघा वेगळा.

वॉशिंग्टनच्या त्या अनावरणाच्या तीन वर्षं आधी, १८७३ साली, जोतिबांनी 'गुलामगिरी' छापलं. अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडायला झटलेल्या भल्या लोकांना ते अर्पण केलं. पण नुसते आभार मानून ते थांबले नाहीत. आमच्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र भावांना सोडवावं, असं त्याच अर्पणपत्रिकेत लिहिलं. तेही स्मारकच. त्यात कुणी गुडघ्यावर नाही. त्यात काम नेमून दिलंय.

आपणही वर्गणी काढतो. पावतीपुस्तक घेऊन चाळीचाळीत फिरतो. आया पदराची गाठ सोडून नोटा देतात. शार्लट स्कॉटनंही अशीच दिली होती. म्हणून दोस्तांनो, पावतीपुस्तक हातात घ्याल तेव्हा एवढं विचारा, आराखडा कुणाच्या हातात आहे?