ॲशव्हिल प्रकल्प

ॲशव्हिल प्रकल्प : चिरकारी रोगांच्या देखभालीत औषधनिर्मात्यास म्हणजेच फार्मासिस्टला प्रत्यक्ष सहभाग देणारा अमेरिकेतील एक उपक्रम. तो नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल शहराच्या नगरप्रशासनाने १९९६ मध्ये आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी हाती घेतला.

विसाव्या शतकाच्या मध्यास औषधनिर्मात्याचे कार्य मुख्यतः वैद्याच्या चिठ्ठीनुसार औषध देण्यापुरते मर्यादित होते. अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या १९५२ च्या आचारसंहितेनुसार चिठ्ठीतील औषधांचे घटक व गुण यांविषयी रुग्णाशी चर्चा करणे वर्ज्य होते. हे बंधन १९६९ च्या संहितेत उरले नाही. तत्पूर्वी १९६० मध्ये व्हर्जिनियातील बेरीव्हिल येथे यूजीन व्हाइट यांनी आपल्या दुकानास सल्लाकेंद्राचे रूप दिले आणि प्रत्येक रुग्णाच्या औषधांची स्वतंत्र नोंद ठेवण्यास आरंभ केला. औषधोपचाराच्या फलिताची जबाबदारीही औषधनिर्मात्याने स्वीकारावी, असा विचार हेप्लर व स्ट्रँड यांनी १९९० मध्ये मांडला. ॲशव्हिल येथे तो मोठ्या प्रमाणावर कसोटीस लागला.

प्रकल्पातील कर्मचाऱ्यांना प्रथम मधुमेहाविषयी शिक्षण देण्यात येई. त्यानंतर प्रशिक्षित औषधनिर्माते त्यांना नियमितपणे भेटत, रक्तशर्करेच्या नोंदी पाहत, औषधे वेळेवर घेतली जातात की नाही याची विचारपूस करीत आणि आवश्यक तेथे वैद्यास कळवीत. या सेवेचा मोबदला औषधनिर्मात्यांना मिळे. सहभागी रुग्णांना मधुमेहावरील औषधांसाठी स्वतःचा वाटा भरावा लागत नसे.

या प्रकल्पाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांची रक्तशर्करा अधिक नियंत्रणात आली व औषधालयाच्या सेवेविषयीचे त्यांचे समाधान वाढले. औषधांवरील खर्च वाढला, तथापि प्रत्येक रुग्णामागील एकूण वैद्यकीय खर्च वर्षाला १,२०० ते १,८७२ डॉलरांनी घटला.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. सहभाग ऐच्छिक होता आणि यदृच्छेने निवडलेला तुलनागट नव्हता. शिवाय औषधे विनामूल्य मिळत असल्याने समाधानाचे श्रेय औषधनिर्मात्याच्या सल्ल्यास किती व खर्चातील सवलतीस किती, हे वेगळे काढता येत नाही. समाधान हे रोगनियंत्रणाचे प्रमाणही नव्हे; म्हणून दोहोंचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते. असे असले, तरी औषध देणारी व्यक्ती रुग्णाची नित्याची सल्लागारही होऊ शकते, हे या प्रकल्पाने दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील दहा शहरांत याच धर्तीवर मधुमेहविषयक उपक्रम राबविण्यात आला.