शंखी गोगलगाय : कलकत्त्याच्या बागेपासून मराठवाड्याच्या सोयाबीनपर्यंत

१/ सन २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात नाहीशी होऊ लागली. अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. ही नासाडी शंखी गोगलगायीची होती. तिचा भारतातील इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे.

२/ तिचे मूळ घर पूर्व आफ्रिका. तेथून ती मानवाबरोबर मॉरिशसपर्यंत पोहोचली. विल्यम बेन्सन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील मुलकी सेवेतील अधिकारी आणि शंख-शिंपल्यांचे जाणकार अभ्यासक. १८४७ मध्ये त्यांनी मॉरिशसहून या गोगलगायी कलकत्त्यास आणल्या. पुढे त्या चौरंगी भागातील एका बागेत सोडल्या गेल्या.

३/ या जीवाची शक्ती त्याच्या देहरचनेत आहे. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्हींची इंद्रिये असतात, आणि ती एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. कोरड्या ऋतूत शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून ती जमिनीत निपचित पडून राहते. पाऊस येताच जागी होते. रोपे, माती आणि मालवाहतूक यांच्यासोबत ती दूरवर पसरली.

४/ १९३६ मध्ये ती हवाई बेटांवर पोहोचली. तिच्या बंदोबस्तासाठी १९५५ मध्ये फ्लोरिडातून ‘युग्लँडिना’ ही मांसाहारी गोगलगाय आणण्यात आली. इतर गोगलगायींच्या चिकट मागावरून जाऊन ती त्यांना गाठते आणि खाते. काट्याने काटा काढण्याचाच हा विचार होता.

५/ १९७७ मध्ये हाच प्रयोग प्रशांत महासागरातील मूरिया बेटावर झाला. तेथे ‘पार्टुला’ नावाच्या चिमुकल्या वृक्षवासी गोगलगायींच्या सात जाती होत्या. हेन्री क्रॅम्प्टन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्यावर उत्क्रांतीचा मोठा अभ्यास केला होता. शिकारी गोगलगायीने त्यांच्यावरच धाड घातली. १९८७ पर्यंत बेटाच्या रानातून पार्टुला जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या.

६/ शत्रूचा शत्रू येथे मित्र ठरला नाही. शिकाऱ्याला माणसाचा हेतू ठाऊक नसतो. जे सहज सापडते, ते तो खातो. प्राणिसंग्रहालयांत जगवलेल्या काही पार्टुलांची पिढी गेल्या दशकापासून बेटांवर परत सोडली जात आहे. काही जाती मात्र कायमच्या गेल्या.

७/ म्हणूनच मराठवाड्यात सांगितले जाणारे साधे उपाय मोलाचे आहेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात अंथरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. बांधालगत चुन्याचा पट्टा टाकावा, अंडी शोधून नष्ट करावीत.

८/ हे काम कष्टाचे आहे, आणि एकट्याने होणारे नाही. एका शेतातील गोगलगायी वेचल्या, तरी शेजारच्या बांधावरून दुसऱ्या येतात. पहिल्या पावसानंतर लगेच, अंडी घातली जाण्यापूर्वी, सारा गाव एकत्र उतरला तरच पीक वाचते.