राजाबाई मनोरा आणि रविवारची सुटी

महाड-पोलादपूरच्या माणसाला उंचीचे अप्रूप नाही. रायगड चढून खालचा मुलूख न्याहाळणे आम्हांस लहानपणापासून ठाऊक. पण आमच्याकडची माणसे सावित्रीच्या खाडीतून मुंबईस गेली ती गिरणीत राबायला. त्या काळी मुंबईत उंचीचा मान राजाबाई मनोऱ्याचा.

त्याचा पाया १८६९ साली घातला गेला, काम १८७८ साली पुरे झाले. उंची २८० फूट, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यास आईचे नाव लावले. अमेरिकेतील यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचे भाव भडकले. त्या तेजीत त्यांनी अमाप पैसा मिळविला होता. चक्राकार जिन्याने वर गेले की सज्जातून शहर आणि समुद्र दिसे. पुढे लोकांना वर जाणे बंद झाले.

वरचे घड्याळ पाव तासाचेही टोले देई. गिरणीतला दिवस मात्र संपता संपत नसे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांनी मागितले काय? साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, दुपारी अर्धा तास विसावा, आणि रविवारची सुटी. मागणेच असे, तर मूळचा दिवस केवढा असेल, ते आपणच ताडावे. ती सुटी १८९० साली मिळाली.

आज गिरण्यांच्या जागी त्याहून कितीतरी उंच इमारती उभ्या आहेत. तेथून मुंबई जरूर पाहावी. पण मनोऱ्याला नऊ वर्षे लागली, तशी एका रविवारलाही सहा लागली, एवढे विसरू नये.