‘इमेंड’ : दोष कोणाचा?

इंग्रजीतील ‘इमेंड’ या क्रियापदात दोषाचे अस्तित्व आधीच गृहीत धरलेले आहे. लॅटिन ‘मेंडुम’ म्हणजे दोष; तो बाहेर काढणे म्हणजे ‘एमेंडारे’. शारीरिक व्यंग या अर्थाचा संस्कृत ‘मिन्दा’ हा शब्द त्याच कुळातला मानला जातो. हेच क्रियापद फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात इंग्रजीत ‘अमेंड’ झाले आणि आद्य स्वर गळून त्याचे ‘मेंड’ झाले. ‘इमेंड’ हे रूप मात्र पुढे थेट लॅटिनवरून घेतले गेले. कालांतराने कायद्याची दुरुस्ती ‘अमेंड’कडे, डागडुजी ‘मेंड’कडे आणि ग्रंथपाठाचे शोधन ‘इमेंड’कडे आले.

पाठ शोधण्यापूर्वी तो दूषित ठरवावा लागतो, ही या क्रियापदातील जोखीम होय. रिचर्ड बेंटलीने १७३२ मध्ये ‘पॅरडाइज लॉस्ट’ संपादताना अंध मिल्टनच्या पाठात कोणा संपादकाने ढवळाढवळ केल्याचे कल्पिले आणि कवीच्याच शब्दांना दोषी ठरविले. उलट ‘हेन्री पंचम’मध्ये फॉलस्टाफच्या मृत्युवर्णनात आलेल्या ‘टेबल’ या असंबद्ध शब्दाच्या जागी लुइस थिओबाल्डने १७२६ मध्ये ‘बडबडला’ या अर्थाचे क्रियापद सुचविले. ते बहुतेक संपादकांनी स्वीकारले. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. सी. सुखठणकरांनी १९३३ च्या प्रस्तावनेत पाठ बदलण्यापेक्षा त्याचा अर्थ लावण्यास प्राधान्य दिले. दोष लेखकाचा, लेखनिकाचा की वाचकाच्या आकलनाचा, याचा निर्णय झाल्याखेरीज हे क्रियापद वापरण्याचा अधिकार संपादकाला प्राप्त होत नाही.