गाभाऱ्याबाहेरची पुस्तकं

पिंपळगाव बसवंत म्हटलं की आज आठवतात द्राक्षं आणि कांदा-टोमॅटोचे लिलाव. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्याला इथे देवाधर्माच्या वादाचा मागमूसही लागणार नाही. तरी मराठीत श्रद्धा आणि संशय यांवर जे मोलाचं लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं याच टापूत जन्मलेल्या-वाढलेल्या माणसांचं आहे.

तालुक्याच्या गावी, निफाडला, 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. मुंबईत 1867 मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजाचे ते पुढे आधारस्तंभ झाले. देव एक आणि निराकार मानायचा, पण तुकोबांना सोडायचं नाही, अशी त्यांची वाट. सनातन्यांना ती पाखंड वाटे, तर अज्ञेयवादाकडे झुकलेल्या आगरकरांना देवाची गरजच भासत नव्हती.

हा झाला पंडितांचा वाद. त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना तो घरातच सोसावा लागला. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेणाऱ्या वडिलांचं सोवळं त्यांनी लहानपणी पाहिलं, आणि 1895 मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा आभाळच फाटलं. पुढे काही वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधी जातिभेद मनातून गेला होता. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्या हसत-हसवत सांगतात. धर्मांतरावर इतकं निर्मळ मराठी पुस्तक दुसरं नसावं.

नाशिकमध्ये हा प्रश्न पुस्तकाबाहेर आला तो 2 मार्च 1930 रोजी. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देव आहे की नाही, हा तिथला मुद्दाच नव्हता. दार कोणासाठी उघडायचं, हा होता. ते उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. ईश्वर आणि आत्मा वगळून धर्म मांडणारा हा ग्रंथ घरोघरी पोचला, आणि तो केवळ वाचला जात नाही, त्याचं पठण होतं.

काळारामच्या सत्याग्रहात एक कॉलेजकुमारही होता, विष्णू वामन शिरवाडकर. जन्म 1912चा, पुण्याचा. पण वडिलांच्या वकिलीमुळे बालपण गेलं ते पिंपळगाव बसवंतला. कुसुमाग्रज झाल्यावर ‘विशाखा’त (1942) त्यांनी ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ लिहिलं. शुक्र, मंगळ, ध्रुव यांना नाकारणारी पृथ्वी सूर्याभोवती फिरत राहते. आपण धुळीचा कण आहोत हे तिला पुरतं ठाऊक आहे, आणि त्याची तिला लाज नाही. विश्वातल्या आपल्या जागेवर तत्त्वज्ञानाचे जाड ग्रंथ पडून आहेत. ही कविता मात्र पाठ असते.

‘गाभारा’ ही त्यांची कविता अधिक बोचरी. मखर आहे, समया आहेत, देव नाही. तिठ्यावर आक्रोश करणाऱ्या महारोग्याच्या हाकेनंतर तो देवळातून निघून गेला आहे. भाविकांची समजूत घालणारा माणूस मात्र जराही गडबडलेला नाही. देवळाचा कारभार नीट चाललाय, आणि नव्या मूर्तीची खटपटही.